इलेक्ट्रिक केटल निवडताना : वॅट, वजन आणि झाकण

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या भागांत, गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि पाणी उकळूनच प्यावे, असे प्रशासनाकडून वारंवार सांगितले जाऊ लागले. आम्ही धायरीत राहतो. तोपर्यंत नळाचे पाणी गाळून माठात भरणे एवढीच आमची खबरदारी होती. त्या महिन्यापासून रात्रीची जेवणे आटोपली की दहा लिटरचे पातेले गॅसवर चढू लागले. साथ ओसरली, पातेले मात्र राहिले.

अडचण रात्रीच्या पातेल्याची नव्हती, दिवसाची होती. सासूबाईंचे वय ७८. सकाळी आम्ही सगळे बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत त्या घरी एकट्याच असतात. त्यांना औषधांबरोबर कोमट पाणी लागते, थंडीत तर दिवसभरच लागते. हाताच्या बोटांत संधिवात असल्यामुळे लायटर दाबणे, सांडशीने पातेले धरणे आणि ते तिरके करून पेल्यात पाणी ओतणे यांपैकी एकही गोष्ट त्यांना निर्धास्तपणे करता येत नव्हती. थर्मास भरून ठेवून पाहिला, पण त्याचे घट्ट फिरकीचे झाकण उघडणे हा त्यांच्या बोटांना आणखी एक जाच झाला. तेव्हा इलेक्ट्रिक केटल घ्यायची असे ठरले. वस्तू हजार-दोन हजारांची असली तरी ती नीट पारखून घ्यावी असे मला वाटले, कारण उकळते पाणी आणि थरथरता हात यांची गाठ त्या वस्तूशी रोज पडणार होती.

प्रथम मी हिशेब मांडला, कारण केटल आली की पातेल्याला कायमची सुट्टी द्यावी, असा यजमानांचा बेत होता. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३०० ते ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या मापात ती ०.०८५ युनिटच्या आसपास भरते आणि भांडे तापण्यात व वाफेत जाणारी उष्णता धरली तर एका लिटरला ढोबळ मानाने ०.१ युनिट असे म्हणता येते. शंभर युनिटांच्या वरच्या टप्प्यात गेलेल्या घराला सगळे आकार धरून एक युनिट दहा रुपयांच्या पुढेच पडते, म्हणजे लिटरमागे एक रुपया किंवा थोडे अधिक. गॅसचे गणित असे : १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशे रुपयांच्या आसपास धरला, एक किलो गॅसमधून ४६ मेगाज्यूलच्या जवळपास उष्णता मिळते असे धरले आणि त्यातली ६० टक्के पाण्याला लागते असे मानले, तर एका लिटरला अकरा-बारा ग्रॅम गॅस, म्हणजे सत्तर पैसे. केटलमुळे पैसे वाचतात हे विक्रेत्यांचे म्हणणे आमच्या घरापुरते तरी खरे नव्हते. शिवाय दीड लिटरच्या केटलने दहा लिटर पाणी उकळायचे तर सात घाणे काढावे लागतील आणि पाऊण तास कोणीतरी तिच्यापाशी उभे राहावे लागेल. पातेल्याची सुट्टी रद्द झाली. केटल फक्त दिवसभराच्या पेला-दोन पेले गरम पाण्यासाठी घ्यायची, हे नक्की झाले. या एका निर्णयामुळे पुढचे बरेच पर्याय आपोआप गळाले. एक लिटरची केटल पुरणार होती, वेग गौण होता आणि महत्त्वाचे होते ते उचलणे, ओतणे आणि भरणे.

दुसरी शंका आरोग्याची होती. केटल उकळी येताच बंद होते. मग तेवढ्याने जंतू मरतात का? आमच्याकडे पाणी वीस मिनिटे उकळले पाहिजे असे पूर्वापार मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाण्याला खळखळून उकळी येणे पुरेसे आहे. अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र एक मिनिट खळखळू द्यावे असे सांगते आणि सुमारे २००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० नव्हे, तर ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण पोटाच्या विकारांचे बहुतेक जंतू ७० अंशांच्या पुढे फार काळ तग धरत नाहीत. त्यामुळे या दोन अंशांची चिंता करण्याचे कारण नाही. आम्ही एवढेच करतो, की केटल बंद झाल्यावर झाकण लगेच उघडत नाही. पाणी आतच निवू देतो, म्हणजे ते आणखी काही मिनिटे नव्वदीच्या आसपास राहते. उकळल्याने जंतू मरतात, पाण्यात विरघळलेले क्षार किंवा रसायने जात नाहीत, हेही येथे सांगून ठेवते, कारण क्षारांचा प्रश्न पुढे आलाच.

खरेदीसाठी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. ऑनलाइन किंमत कधीकधी कमी असते हे खरे, पण केटल हातात घेतल्याशिवाय घ्यायची नाही असा माझा हट्ट होता. सासूबाईंना गर्दीत नेणे शक्य नव्हते म्हणून त्यांनी मला निघताना बजावले होते, "अगं, दिसायला कशीही असू दे. मला एका हाताने उचलता आली पाहिजे आणि झाकण अंगठ्याने उघडलं पाहिजे. बाकी तू बघ."

बाजारात तीन जाती दिसतात. सर्वांत स्वस्त त्या प्लॅस्टिकच्या किंवा आतून पोलादाचा पत्रा आणि वरून प्लॅस्टिक अशा. त्यांची किंमत साधारण सातशे रुपयांपासून सुरू होते. मग पूर्ण स्टेनलेस स्टीलच्या आणि तिसऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या, ज्यांत निळा दिवा लागतो आणि बुडबुडे दिसतात. काचेची केटल पाहून मला मोह झाला हे नाकारत नाही. बोरोसिलिकेट काच तापमानाच्या फरकाने फारच थोडी प्रसरण पावते, म्हणून ती सहसा तडकत नाही. पण ओट्याच्या कडप्प्यावर आपटली तर ती काचच आहे, आणि स्टीलच्या तुलनेत ती जडही भरली. प्लॅस्टिक म्हणून बहुधा पॉलिप्रॉपिलीन वापरतात. ते उकळत्या पाण्याला टिकते, परंतु नव्या स्वस्त केटलमधल्या पाण्याला बरेच दिवस वास येत राहतो, असा शेजारच्या वहिनींचा अनुभव मी ऐकला होता. पाणी प्यायचेच असल्याने मी आतून पूर्ण स्टील हा निकष धरला.

स्टीलबाबत दुकानदारांचे ठरलेले वाक्य असते : "ताई, तीनशेचार ग्रेड आहे, चुंबक लावून बघा, चिकटणार नाही." ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि ते सहसा चुंबकाला चिकटत नाही, हे बरोबर आहे. परंतु २०१ आणि २०२ या स्वस्त प्रतींमध्ये निकेलच्या जागी बरेचसे मँगनीज घातलेले असते आणि त्याही चुंबकाला चिकटत नाहीत. उलट अस्सल ३०४चा पत्रा ठोकून-दाबून आकार देताना काही ठिकाणी किंचित चुंबकीय होऊ शकतो. म्हणजे चुंबकाच्या परीक्षेतून ३०४ आणि या स्वस्त प्रतींमधला फरक कळतच नाही. मी खोक्यावर प्रत छापलेली आहे का आणि आयएसआयची खूण आहे का, एवढेच पाहिले. छापील दावा खोटा निघाला तर निदान बोट ठेवायला जागा राहते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वजन. दीड लिटरची स्टीलची केटल रिकामी असताना किलोभर किंवा थोडी कमी भरते. पूर्ण भरली की अडीच किलो. अडीच किलो म्हणजे काही फार नाही असे आपल्याला वाटते, पण ते मनगटापासून लांब, तिरके धरून, हळूहळू ओतायचे असते. मी दुकानात पाणी मागून घेतले आणि प्रत्येक केटल अर्धी भरून डाव्या हाताने ओतून पाहिली, कारण माझा डावा हात सासूबाईंच्या उजव्याइतकाच बेभरवशाचा आहे. दुकानदाराने आधी कपाळाला आठी घातली, मग त्यालाही गंमत वाटू लागली आणि तो स्वतःहून एकेक नमुना काढून देऊ लागला. त्या प्रयोगात जे कळले ते कोणत्याही खोक्यावर छापलेले नव्हते. मूठ वरच्या बाजूला आडवी असलेली केटल उचलायला सोपी, पण ओतताना मनगट पूर्ण वळवावे लागते आणि तोंडाजवळची वाफ थेट बोटांवर येते. मूठ बाजूला उभी असेल आणि तिच्यात चारही बोटे मोकळी शिरत असतील तर भार तळहातावर येतो. तीच मूठ अरुंद असेल तर बोटांची पेरे तापलेल्या पत्र्याला टेकतात. तोटी आखूड आणि रुंद असेल तर पाणी पहिल्याच झोक्याला भसकन येते. लांब बाकदार चोचीची केटल धार फार सुरेख सोडते, पण ती कॉफीच्या शौकिनांसाठी असते. तिचे तोंड लहान असते आणि आत हात जात नाही, त्यामुळे तळ घासता येत नाही.

झाकणाने तर मला अधिकच विचारात पाडले. काही केटलींचे झाकण वेगळे निघते, ते दोन हातांनी ओढावे लागते. काहींचे बटण दाबताच झाकण उसळून उघडते आणि उकळत्या पाण्याचे थेंब उडतात. मला हवे होते ते बिजागरीवर सावकाश, पूर्ण नव्वद अंश उघडणारे आणि अंगठ्याच्या साध्या दाबाने सुटणारे. झाकणाचा संबंध केवळ सोयीशी नाही. केटल आपोआप बंद होते ती पाण्याचे तापमान मोजून नव्हे, तर वाफेमुळे : उकळी आली की वाफ आतल्या एका नळीतून मुठीजवळच्या किंवा तळाजवळच्या द्विधातूच्या, म्हणजे दोन धातूंचे पत्रे जोडून केलेल्या, चकतीपर्यंत जाते, चकती तापून उलटी वाकते आणि खटका पडतो. झाकण उघडे किंवा सैल राहिले तर वाफ बाहेरच निघून जाते, चकती तापत नाही आणि पाणी आटेपर्यंत केटल उकळत राहते. आमच्या ओळखीच्या एका घरी झाकणाची बिजागरी तुटल्यावर नेमके हेच झाले होते. पाणी संपल्यावर तळाखालची दुसरी चकती वीज तोडते, ती शेवटची राखण. रोज तिच्यावर विसंबायचे नसते. हे खटके बनवणाऱ्या कंपन्याही मोजक्याच आहेत. आयल ऑफ मॅन बेटावरची स्ट्रिक्स ही त्यांतली नावाजलेली. जॉन टेलर या संशोधकाचे नाव या द्विधातूच्या खटक्यांशी कायमचे जोडले गेलेले आहे. चांगल्या केटलच्या तळाशी किंवा खोक्यावर खटका कोणाचा आहे ते बरेचदा लिहिलेले असते आणि माझ्या मते केटलवरच्या नावापेक्षा तेच आधी वाचावे.

वाफेवर चालणाऱ्या खटक्याचा पुण्यात आणखी एक फायदा आहे. त्याला पाणी किती अंशांवर उकळते याच्याशी कर्तव्य नसते, त्यामुळे तो ९८ अंशांनाही बिनचूक पडतो. मला अंक दाखवणारी, ६०, ८० आणि १०० अंशांची बटणे असलेली महागडी केटलही दाखवण्यात आली. ग्रीन टी पिणाऱ्यांना ती उपयोगी आहे यात वाद नाही. पण १००चे बटण पाहून मी दुकानदाराला विचारले, की पुण्यात पाणी तिथवर पोचतच नाही, मग ही थांबते कशी? तो हसून म्हणाला, "ताई, असं आजवर कोणी विचारलं नाही." बहुतेक यंत्रांत त्याची सोय केलेली असणार, पण सासूबाईंना चष्मा लावून बटणे वाचायला लावण्यात मला अर्थ वाटला नाही.

वॅटच्या आकड्यांविषयी थोडक्यात. बाजारातल्या बहुतेक केटली १२०० ते १५०० वॅटच्या असतात. १५०० वॅटची केटल एक लिटर पाणी चार मिनिटांच्या आत-बाहेर उकळते, मात्र पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर. दाब घसरून २०० व्होल्टवर आला तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि त्याच केटलला साडेअकराशे वॅटच्या आसपास मिळतात. आमच्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी हे हमखास घडते. त्यापेक्षा मोलाचा प्रश्न प्लगचा. १५०० वॅटला साडेसहा अँपिअर प्रवाह लागतो आणि घरातला साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. म्हणून काही केटलींना जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग येतो, तर काहींना लहान. आमच्या ओट्याजवळ मिक्सरसाठीचा लहान सॉकेटच होता. रूपांतराचा अडॅप्टर लावा, असे दुकानात सुचवण्यात आले. मी तो घेतला नाही. सोसायटीच्या वायरमनला बोलावून ओट्यावर जाड तारेसह १६ अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला. त्याने जाताना एवढेच बजावले, की केटल एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. केटलची तार आखूड असते याचा आधी राग येतो, पण ती मुद्दाम आखूड ठेवलेली असते, ओट्यावरून लोंबून कोणाच्या हातात अडकू नये म्हणून.

शेवटी घेतली ती एक लिटरची, दुहेरी भिंतीची, आतून स्टील आणि बाहेरून जाड प्लॅस्टिकचे आवरण असलेली. तिची किंमत पंधराशेच्या वर गेली. दुहेरी भिंतीमुळे बाहेरचा भाग हाताला चटका देत नाही, आणि पाणीही अधिक वेळ गरम राहते, त्यामुळे सासूबाईंना प्रत्येक पेल्याला बटण दाबावे लागत नाही. बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक पट्टी तिला नाही. ही उणीव असे मला वाटले होते. पण पट्टी जिथे बसवलेली असते तो सांधाच पुढे गळतो, असे दुकानदाराने सांगितले आणि त्याने स्वतःकडच्या दुरुस्तीला आलेल्या दोन केटलीही दाखवल्या. आतल्या बाजूला कमाल पातळीची रेघ आहे. तिच्यावर पाणी भरले तर उकळताना ते तोटीतून बाहेर उसळते. सासूबाईंना ती रेघ दिसत नाही, म्हणून केटलमध्ये किती पाणी घालायचे याचे माप म्हणून त्यांच्या नेहमीच्या पितळी तांब्याने पाणी घालायचे ठरवले. एक तांब्या म्हणजे रेघेच्या बराच खाली आणि किमान पातळीच्या वर. उचलायला हलके, आणि भरण्यासाठी केटल नळाखाली नेण्याचीही गरज नाही. ती खालच्या विजेच्या बैठकीवरून उतरवून ओट्यावर ठेवायची आणि तांब्याने आत ओतायचे.

घरी आणल्यावर पाणी उकळून ओतून देणे काही वेळा केले, तेव्हा नव्या स्टीलचा आणि आवरणाचा वास गेला. दूध तिच्यात तापवायचे नाही, हे सर्वांना सांगून ठेवले. दूध वर येते, वाफेच्या नळीत शिरते आणि तळाला करपून बसते. मुलीने वसतिगृहातल्या मैत्रिणीचे पाहून त्यात मॅगीही करता येते असे सांगितले, तिलाही तिथल्या तिथे नकार मिळाला. चहा अर्थातच पूर्वीसारखा पातेल्यातच होतो. आले कुटून, साखर आणि चहापत्ती घालून, दूध टाकून उकळल्याशिवाय आमच्याकडे त्याला चहा मानत नाहीत.

क्षारांची गोष्ट वेगळी लिहावी लागेल. खडकवासला साखळीतल्या धरणांचे पाणी पावसाचे, सह्याद्रीतून उतरलेले असल्याने मुळात मऊ असते आणि त्याने केटलच्या तळाला महिनोन्महिने काही होत नाही. पण उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर सुरू होतात. ते पाणी बहुधा विहिरीचे किंवा बोअरचे असते आणि बेसाल्टच्या खडकातून मुरलेले असल्याने जड असते. पाणी उकळले की त्यातले विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट होते आणि तळाला पांढरट, खरखरीत थर धरते. तो थर उष्णता अडवतो, केटल आवाज करू लागते आणि पाण्यात पांढरे कण तरंगतात. पहिल्या मेमध्ये सासूबाईंनी ते कण पाहून केटल खराब झाली असे ठरवूनच टाकले होते. काही ठिकाणी तांबूस डागही पडले. ते बहुतेक वेळा पाण्यातल्या लोहाचे असतात, पोलाद गंजल्याचे नव्हे.

यावर घासणी किंवा तारेचा काथ्या चालवू नये, कारण ओरखड्यांत थर अधिक घट्ट बसतो. अर्धी केटल पाणी, त्यात चमचाभर लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, घालून एकदा उकळायचे आणि अर्धा तास तसेच ठेवायचे. आम्लाने कार्बोनेट विरघळताना बारीक फेस येतो, तो थांबला की काम झाले. नंतर दोनदा स्वच्छ पाणी उकळून ओतून द्यायचे. व्हिनेगरनेही हेच होते, पण त्याचा वास दोन दिवस पाण्याला येत राहतो. केटल बेसिनमध्ये बुडवून धुवायची नाही आणि तळाचा जोड ओला असताना बैठकीवर ठेवायची नाही, हे दोन नियम मी कामवाल्या मावशींनाही समजावून दिले आहेत. टँकर चालू असताना हा सोपस्कार पंधरवड्याने करावा लागतो. पावसाळ्यात धरणे भरून नळाला पूर्ण दाबाने पाणी येऊ लागले, की दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतो.